बरकतीचे भांडे

देवळाली म्हटले की लोकांना नाशिकजवळची छावणीची देवळाली आठवते. आमची देवळाली प्रवरा राहुरी तालुक्यातली. प्रवरेच्या उजव्या कालव्याचे पाणी इकडे येते आणि त्या पाण्यावरच इथल्या घरांच्या भाग्याचे चढउतार होतात.

आमच्या शिवारात आजोबांनी पाडलेली एक विहीर आहे. आजोबा गेल्यावर जमिनीचे दोन वाटे झाले. विहिरीचे होण्यासारखे नव्हते, म्हणून ती सामायिक राहिली. चार दिवस आमची पाळी, चार दिवस चुलत्यांची. एका उन्हाळ्यात आमच्या पाळीत दोन दिवस वीज नव्हती. ते दोन दिवस भरून द्यायचे की नाही, यावरून वडिलांचे आणि चुलत्यांचे बिनसले. शब्दाने शब्द वाढला. पुढे एका रात्री मोटारीची केबल कापली गेली. ती कोणी कापली हे शेवटपर्यंत उघड झाले नाही. दावा कोर्टात गेला आणि चौदा वर्षे चालला. त्या काळात विहिरीला पाणी होते, पण दोन्हीपैकी एकाही वाट्यात ऊस धड उभा राहिला नाही. आधी वडील गेले, पाठोपाठ चुलते गेले, आणि दावा थंड झाला. मागे उरले ते कर्ज आणि बोलणे बंद झालेली दोन घरे.

हे घरचे गाऱ्हाणे इतिहासाच्या लेखात कशाला, असे वाचकांना वाटेल. पण ज्या विषयावर लिहायला बसलो आहे, त्या विषयापर्यंत मला या विहिरीनेच आणले.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. शेती आणि किराणा दुकान सांभाळून, मिळेल ते वाचत आलो. काही वर्षांपूर्वी अमेरिकन मराठी मिशनने नगर जिल्ह्यात केलेल्या कामाची माहिती जमवत होतो. नगरला हे लोक १८३१ मध्ये आले. त्याआधीपासून मुंबईत आणि कोकणात त्यांच्या शाळा होत्या. त्या शाळांत बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, शिकत होते आणि काही ठिकाणी शिकवतही होते. त्यांच्याविषयी वाचता वाचता ज्यूंच्या धर्मग्रंथांकडे वळलो. हिब्रू येत नाही. इंग्रजी भाषांतर आणि शब्दकोश शेजारी शेजारी ठेवून वाचले. त्यात एके ठिकाणी पाण्याचा नियम भेटला. पाटाच्या सर्वांत जवळ ज्याचे टाके असेल, ते आधी भरावे. आणि याचे कारण दिले होते, शांतीच्या वाटांसाठी. मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो.

हा नियम मिश्नेतला आहे. मिश्ना म्हणजे ज्यू धर्मशास्त्राचे पहिले मोठे संकलन. इसवी सन २०० च्या सुमारास यहुदा हनासी या आचार्यांनी ते गालील प्रांतात सिद्ध केले. तोवर जेरुसलेमचे मंदिर रोमनांनी पाडून सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली होती. राज्य गेले, मंदिर गेले. आता गावागावांत, परक्या शेजाऱ्यांच्या सोबतीने पोट भरत जगायचे कसे, हा प्रश्न होता. मिश्नेतल्या घटस्फोटांच्या प्रकरणात, जरा अनपेक्षित जागी, नियमांची एक छोटी यादी येते. त्यातल्या प्रत्येकाला एकच कारण दिलेले आहे: दरके शालोम, म्हणजे शांतीच्या वाटा.

या यादीत काय आहे? दुसऱ्याने लावलेल्या जाळ्यात सापडलेला मासा उचलणे ही चोरी समजावी. कोणी गरीब जैतुनाच्या झाडावर चढून फळे पाडत असेल, तर खाली पडलेली फळे दुसऱ्याने उचलू नयेत. शेताचा कोपरा आणि कापणीत सांडलेली कणसे गरिबांसाठी सोडायची असतात. ती वेचायला परधर्मी गरीब आला तर त्याला अडवू नये. शेजारीण धर्माचा एखादा नियम नीट पाळत नसल्याचा संशय असला, तरी तिला चाळण, सूप, जाते आणि भट्टी उसनी द्यावी. परधर्मीयांची विचारपूस करावी.

या यादीत एकही मोठी गोष्ट नाही. मासा, फळ, कणीस, सूप, जाते आणि टाके. म्हणजे ज्या वस्तूंवर पोट चालते त्याच. आणखी एक बारकावा माझ्या उशिरा लक्षात आला. काटेकोर कायद्याने पाहिले तर यातल्या काही गोष्टींवर कोणाचाच हक्क सिद्ध होत नाही. झाडावरच्या माणसाने जमिनीवरचे फळ अजून हातात घेतलेले नाही, मग ते त्याचे कसे? शास्त्रकार म्हणतात, हक्क सिद्ध होत नसला तरी तसे वागा, नाहीतर भांडण होईल. म्हणजे हा हक्क नाही आणि दानधर्मही नाही. या दोहोंच्या मधली ही तिसरी गोष्ट आहे. शेजाऱ्यावर प्रेम करा, असेही इथे सांगितलेले नाही. दोघांचीही चूल पेटत राहील अशी रीत पाळा, एवढेच आहे. आमच्या घरी दोन्ही बाजूंना आपला हक्क कागदावर पाठ होता. कमी पडली ती ही तिसरी गोष्ट.

पुढच्या शतकांत बाबिलोनियात, म्हणजे आजच्या इराकात, मिश्नेवर चर्चा होत होत तालमूद तयार झाला. तिथे नद्या होत्या, कालवे होते, त्यामुळे भांडणेही आमच्यासारखीच होती. वरच्या अंगाच्या शेतकऱ्याने आधी पाणी घ्यावे की खालच्या? एक आचार्य म्हणाले, वरचा जवळ आहे, त्याने आधी घ्यावे. दुसरे म्हणाले, नदी आपल्या वाटेने वाहू द्यावी, खालच्याला आधी मिळावे. आमच्याकडे चारीच्या टेलाचा शेतकरी आणि मुखाचा शेतकरी यांच्यात शेजपाळीवरून हाच वाद दर उन्हाळ्यात होतो. तालमूदकारांनी या वादाचा शेवट फार प्रामाणिकपणे केला आहे. निर्णय ना या बाजूने झाला ना त्या बाजूने. आणि जिथे निर्णय नाही तिथे बळी तो कान पिळी, असे त्यांनी नोंदवून ठेवले. रीत ठरली नाही तर काय होते, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

शांतता आणि उपजीविका यांचे नाते या परंपरेने घराच्या आतही पाहिले आहे. घरात धान्य आहे की नाही याकडे पुरुषाने लक्ष ठेवावे, कारण घरातली भांडणे धान्यावरूनच सुरू होतात, असे तालमूद बजावतो. रांजणातले सातू संपले की कलह दार ठोठावतो, अशा अर्थाची म्हण तिथे दिली आहे. दुष्काळ पाहिलेल्या कोणत्याही नगरी माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही. तिथेच, घरातली बरकत बायकोमुळे असते, तिचा मान राखा, असेही सांगितले आहे. आणखी एक नियम मला दिवाळीच्या दिवसांत हटकून आठवतो. ज्यूंचा हनुक्का हा दिव्यांचा सण. एखाद्या गरिबाकडे एकाच दिव्यापुरते तेल असेल, तर त्याने ते सणाच्या दिव्याला घालावे की घरातल्या? उत्तर आहे, घरातल्या. अंधारात माणसे अडखळतात, चिडतात. सणाचा दिवा धर्माचे काम असले, तरी घरातली शांतता त्याहून आधी.

मिश्नेचा अगदी शेवटचा परिच्छेदही याच विषयावर येऊन थांबतो. शिमोन बेन हलफ्ता या आचार्यांचे म्हणणे असे की, देवाला इस्रायलसाठी बरकत साठवायला शांततेसारखे दुसरे भांडे सापडले नाही. हिब्रूत आशीर्वादाला ‘ब्राखा’ म्हणतात. आपला ‘बरकत’ हा शब्द अरबीतून आला. दोन्ही शब्द एकाच सेमिटिक धातूचे. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘बरकत’ म्हणणारी म्हातारी माणसे मी पाहिली आहेत. धान्य कितीही पिकले तरी ते ठेवायला भांडे लागते. भांड्याला चीर गेली तर पीक आले काय आणि न आले काय. आमच्या विहिरीचे नेमके तेच झाले होते.

इथवर सगळे ग्रंथातले झाले. या शिकवणुकीने खरोखर कोणाचे पोट भरले का, हे पाहायला मी घाट उतरून कोकणात गेलो.

अलिबागच्या उत्तरेला नवगाव आहे. बेने इस्रायलांची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचे जहाज या किनाऱ्याजवळ फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. वाहून आलेली प्रेते तिथेच पुरली. आज त्या जागी जुने दफनस्थान आणि स्मारक आहे. वाचलेल्यांच्या हाती ना पोथी उरली ना धन. त्यांनी तेलाचा घाणा धरला. पुढे वंश वाढला, गावोगाव पसरला आणि गावांची नावेच आडनावे झाली. पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, झिराडचे झिराडकर, किहीमचे किहीमकर, दिव्याचे दिवेकर. हिब्रू भाषा विसरली. ‘शेमा’ ही एकेश्वराची प्रार्थना, मुलांची सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम, काही सण आणि शनिवार एवढे टिकले. सणांनाही मराठी नावे मिळाली: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण. दारफाळणी हा योम किप्पूरचा उपास. त्या दिवशी दारे बंद करून घरात राहायचे. दुसऱ्या दिवशी शिळा सण. तेव्हा दानधर्म करायचा आणि लोकांना भेटायला जायचे.

शनिवारी ते काम करत नसत. घाणा बंद, चूल बंद. बायबलच्या आज्ञेत बैलाचीही विश्रांती सांगितली आहे, त्यामुळे घाण्याचा बैलही मोकळा. यावरून गावाने त्यांना नाव दिले, शनवार तेली. वरवर साधे वाटणारे हे नाव मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा पुरावा वाटते. घाण्याचे काम रोजच्या हजेरीचे. बैल जुंपला नाही तर तेल नाही. तेल नाही तर फोडणी नाही आणि दिवाही नाही. अशा धंद्यातला माणूस आठवड्यातून एक दिवस काम करायला साफ नकार देतो, आणि तरीही गाव त्याच्याकडेच तीळ आणि खोबरे घेऊन येते. गावाने त्याच्या नकाराचे भांडण केले नाही, त्याचे नाव केले. घाणा कधी बंद आहे हे नावातच कळल्यावर शुक्रवारी तेल नेऊन ठेवणे एवढेच उरते.

गावाला हे जमले याचेही कारण आहे. कोकणात सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली होते. ते सोमवार तेली. महादेवाच्या वाराला बैल जुंपायचा नाही, ही रीत गावाला आधीच माहीत होती. त्यामुळे शनिवार पाळणारे तेली त्याच चौकटीत बसले. ज्या काळात युरोपातले ज्यू एका देशातून दुसऱ्या देशात हाकलले जात होते, त्या काळात कोकणातल्या ज्यूंचा छळ झाल्याची नोंद नाही. घाणा शतकानुशतके फिरत राहिला.

इथे एक सावधगिरी घ्यायला हवी. मिश्नेतले आणि तालमूदातले नियम वाचून शनवार तेली असे वागले, असे म्हणता येत नाही. ते ग्रंथ त्यांच्याकडे नव्हतेच. हनुक्कासुद्धा त्यांच्या जुन्या सणांत नव्हता. हिब्रू प्रार्थना आणि शास्त्र कोचीनच्या ज्यू शिक्षकांकडून, आणि वेगळ्या हेतूने का होईना मिशनऱ्यांकडून, त्यांच्यापर्यंत पुन्हा पोहोचले. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले ते याच वाचकांसाठी. म्हणजे गालीलमध्ये आचार्यांनी चर्चा करून जी रीत लिहिली, तिच्यासारखी रीत कोकणात पोथीवाचून, दोन्ही बाजूंच्या गरजेतून घडली. माझ्या मते यामुळे त्या शिकवणुकीचे महत्त्व वाढते. ती केवळ उपदेशाची गोष्ट राहत नाही. पोट भरायला निघालेली माणसे तिथे आपापल्या वाटेने पोहोचतात.

या सलोख्याचे गोडवे गाताना त्याची किंमतही सांगितली पाहिजे. चौकट जातीची होती. शेजार होता, पण पंगत एक नव्हती. गावाच्या रीतीला धरून बेने इस्रायलांनी गोमांस टाळले, विधवाविवाह टाळला. इतकेच नव्हे, जातीची उतरंड त्यांच्याही घरात शिरली. गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असे दोन भाग पडले. ज्यांच्या वंशात बाहेरच्या स्त्रीचे रक्त आले असे मानले जाई ते काळे. गोरे त्यांच्याशी बेटीव्यवहार करीत नसत. शेजाऱ्यांशी शांततेने राहणाऱ्या समाजाने घरातल्याच माणसांना दूर ठेवले होते.

ब्रिटिशांच्या काळात घाणा सोडून अनेक बेने इस्रायल कंपनीच्या फौजेत शिरले. त्यातलेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर. म्हैसूरच्या लढाईत ते टिपू सुलतानाचे कैदी झाले आणि सुटून आल्यावर त्यांनी १७९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात सिनेगॉग बांधले. बेने इस्रायल सिनेगॉगला मशीद म्हणत. ही ‘जुनी मशीद’, आणि जवळच्या मशीद स्थानकाचे नाव तिच्यावरूनच पडले असे सांगतात. पुढच्या पिढ्यांत शिक्षक, कारकून, डॉक्टर झाले. डॉ. ई. मोझेस १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झाले. समाजाचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत शाळा काढली. धंदे बदलले, पण भाषा मराठीच राहिली. पेसाहच्या रात्री वाचायचा हग्गादा १८७४ मध्ये पुण्यात हिब्रू आणि मराठीत छापला गेला. त्यातल्या चित्रात बायका साडी नेसून सणाची बेखमीर भाकरी करताना दिसतात.

बेने इस्रायलांचा सर्वांत लाडका प्रेषित म्हणजे एलियाहू हनाबी. नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात, त्याच्या नावाने ‘मलिदा’ करतात: गोड पोहे, नारळ, फळे आणि एलियाहूचे गीत. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर एक खूण आहे. एलियाहूचा रथ इथून स्वर्गात गेला, ही त्याचीच खूण, अशी श्रद्धा आहे. मी तिथे उन्हाच्या वेळी पोहोचलो. वाट दाखवायला आलेला गावातला माणूस ज्यू नव्हता. त्याने चपला काढून आधी हात जोडले, मग मला जागा दाखवली.

या एलियाहूविषयी मिश्नेत एक विलक्षण चर्चा आहे. तो परत येईल तेव्हा काय करील? काहींचे म्हणणे, कोणाचे कूळ शुद्ध आणि कोणाचे अशुद्ध याचा निवाडा करील; काहींना दूर सारील, काहींना जवळ घेईल. पण बहुसंख्य आचार्यांचे मत वेगळे पडले. तो कोणाला दूर सारायलाही येणार नाही आणि जवळ घ्यायलाही नाही. तो जगात शांतता करायला येईल.

हे वाचताना मला १९६४ साल आठवले. १९४८ नंतर बेने इस्रायल मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. इथून त्यांना कोणी हुसकावले नव्हते. आपल्या धर्माच्या देशात जायची ओढ होती. तिथे १९६२ मध्ये मुख्य धर्मपीठाने सूचना काढली: बेने इस्रायलांचे इतर ज्यूंशी लग्न लावण्यापूर्वी त्यांच्या कुळाची पिढ्यांमागे जाऊन चौकशी करावी. ज्यांनी अठरापगड गावांत आपला शनिवार सांभाळला, त्यांना आपल्याच लोकांत ज्यूपण सिद्ध करायला सांगितले गेले. १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले. ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले आणि चौकशीची सूचना मागे पडली. कोकणात जे गोऱ्यांनी काळ्यांशी केले, तेच जेरुसलेममध्ये त्या दोघांशीही झाले. आणि त्यांच्या लाडक्या प्रेषिताविषयी धर्मशास्त्राने उत्तर कधीच देऊन ठेवले होते.

आज भारतात ज्यूंची संख्या चार-पाच हजारांच्या घरात आहे. अलिबागच्या इस्रायल आळीत मागेन अबोथ सिनेगॉग उभे आहे, रेवदंड्यालाही सिनेगॉग आहे, पण प्रार्थनेसाठी लागणारे दहा पुरुष जमवणे अनेक ठिकाणी अवघड झाले आहे. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. शनवार तेली हे नाव मात्र आता पुस्तकातच भेटते. ज्या गावांनी ते नाव दिले, तिथल्या तरुणांना त्याचा अर्थ सांगावा लागतो. याची मला खंत वाटते, कारण वेगळ्या माणसाच्या वेगळेपणाला भांडणाऐवजी नाव देण्याची ही हातोटी आपलीच होती.

आता विहिरीचे. गेल्या उन्हाळ्यात दोन्ही घरांच्या बोअर आटल्या. आमच्या विहिरीत गाळ साचला होता आणि एकट्याला तो काढणे परवडणारे नव्हते. मी चुलतभावाच्या दारात गेलो. बावीस वर्षांनी गेलो. त्याला मिश्ना सांगितली नाही. तो ऐकून घेणाऱ्यातला नाही. एवढेच म्हणालो, “गाळ काढू. पाळी पाच-पाच दिवसांची करू, आणि लाइट गेली तर गेलेला वेळ पुढं मोजू.” तो म्हणाला, “हे तेव्हाच का नाही ठरलं?” मला उत्तर देता आले नाही. खर्च निम्मा-निम्मा केला. जुन्या गोष्टी आम्ही काढल्या नाहीत आणि फार जवळही आलो नाही. त्याच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका येईल की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

पण या दिवाळीला दोन्ही वाट्यांत ऊस आहे.